चार फूट बर्फ आणि मामांचा पेंढा

छपरावर बर्फाचा किती भार चालतो, हे आख्ख्या खालापूर तालुक्यात कुणाला कळत असेल तर ते मला, असं मी एका सोमवारी सकाळी साडेदहा वाजता छातीठोकपणे जाहीर केलं. त्याला साक्षीदार आहेत. नसते तर फार बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, खालापूर तालुक्यात बर्फ कुठला? बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक, उसाच्या रसाच्या गाडीवर आणि दोन, मासळीवालीच्या पाटीत. पण साजगावातली आमची कंपनी तयार घरं बनवते. लोखंडी सांगाडा, जाड पत्र्याचं छप्पर, भिंतींच्या फळ्या. सगळं ट्रकात भरायचं, जागेवर नेऊन बोल्ट आवळायचे, की झालं घर! मी तिथे ड्राफ्ट्समन. म्हणजे इंजिनियरने डोक्यात ठरवलेलं घर मी कागदावर रेघा मारून दाखवतो. इंजिनियर म्हणजे आमच्या संजना मॅडम. कमी बोलतात आणि बोललेलं लिहूनही देतात, म्हणजे मागाहून कुणी 'मला वाटलं' म्हणायला नको.

त्या सोमवारी मॅडमनी बातमी दिली. हिमाचलातल्या एका उंच गावातल्या मुलींच्या शाळेला वसतिगृहाच्या बारा खोल्या हव्या होत्या. पुढच्या हिवाळ्याआधी. पण आधी एक नमुन्याची खोली उभारून, तिच्या छपरावर बर्फाएवढं वजन ठेवून दाखवायचं. शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः गुरुवारी बघायला येणार.

"बर्फ पडताना कुणी पाहिलाय का इथे?" मॅडमनी विचारलं.

वीस माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. माझा हात आपोआप वर गेला.

"मी! मनालीला! लग्नानंतर!"

हे खरं आहे. फक्त एवढंच सांगायचं राहिलं, की तीनपैकी दोन दिवस मी सर्दीने खोलीत पडून होतो आणि तिसऱ्या दिवशी भाड्याचे बूट घालून बर्फात उतरलो तो पाचव्या मिनिटाला आडवा झालो. समीक्षाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझे फोटो काढले. त्यात बर्फ कमी आणि मीच जास्त दिसतो.

"मग चाचणीची तयारी तुम्ही बघाल, ऋषिकेश?"

"मॅडम, बर्फाचं तुम्ही माझ्यावर सोडा!"

मॅडमना तीन दिवस चाकणला जायचं होतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं: 'बर्फ चार फूट. भार चौरस मीटरला तीनशे किलो. छप्पर वीस चौरस मीटर, एकूण सहा टन. वाळूची पोती, मोजून, सगळीकडे सारखी.'

इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं. चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. पण चौथीतलं पोर मनालीला गेलेलं नसतं ना!

मी हिशेब केला. सहा टन म्हणजे पन्नास किलोची एकशेवीस पोती. ती भरायची, वर चढवायची, मग उतरवायची. कशाला? बर्फ मी हातात घेतला होता! कापसासारखा हलका! सहा टनांचा आकडा मॅडमनी जरा जास्तच धरलाय, असं मला मनोमन वाटलं. खरी गोष्ट पहिल्याच ओळीत होती. बर्फ चार फूट! म्हणजे छपरावर चार फूट उंचीचं काहीतरी पसरलं की झालं. आणि शिवाय ते बर्फासारखं दिसायला हवं. पाहुण्या बाई एवढ्या लांबून येणार, त्यांना काय मळकी पोती दाखवायची?

मंगळवारी संध्याकाळी मोटरसायकलवरून कर्जतला घरी येताना मला ते दिसलं. एका शेतात पेंढ्याची भली मोठी रास, वर पांढरं प्लॅस्टिक अंथरलेलं. मावळतीच्या उन्हात ती अशी चमकत होती, की मी गाडी थांबवून ओरडलोच, "हिमालय!" बाजूला उभ्या असलेल्या म्हशीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

आता पेंढा कुणाकडे आहे? माझ्या सासऱ्यांकडे! धाकलूमामा कर्जतजवळच राहतात. चार म्हशी, भाताचं शेत आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला पेंढा. मी घरी न जाता थेट तिकडेच गेलो.

"मामा, दोन दिवसांसाठी पेंढा पाहिजे."

मामांनी माझ्याकडे, म्हशीने पाहिलं होतं तसंच पाहिलं.

"पेंढा काय भांडी हायेत का जावयबापू, कार्याला न्येली आन् घासून परत दिली?"

"कंपनीचं काम आहे. छपरावर नुसता पसरायचा. काडीसुद्धा मोडणार नाही."

"आन् मोडली तर? पावसात माझ्या म्हशी काय तुमचे नकाशे खातील?"

शेवटी समीक्षाला फोन लावावा लागला. ती बापाला म्हणाली, "द्या ओ बाबा, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे." मग फोन माझ्याकडे द्यायला लावून मला म्हणाली, "अहो, काडी न् काडी परत आणा. नायतर पावसाळ्यात म्हशींसमोर तुम्हालाच उभं करतील बाबा."

मामांनी एक अट घातली. पेंढ्याबरोबर ते स्वतः येणार, आणि त्यांची पारूही येणार. पारू डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. चाळिशीची, सडपातळ, बोलायला मोजून. दर वर्षी मामांचा पेंढा तीच रचते आणि घरावरची कौलंही तीच परतते. तिने रचलेली रास वादळातही हलत नाही, असं मामा अभिमानाने सांगतात. स्वतःच्या जावयाबद्दल ते असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

बुधवारी टेंपोच्या तीन खेपांत बाराशे पेंढ्या साजगावात आल्या. मी मोठ्या थाटात सूचना देत होतो. छपराच्या रंगाला चरे पडू नयेत म्हणून खाली जाड मेणकापड. पेंढा घसरू नये म्हणून चारी कडांना उभ्या फळ्या. त्यात पेंढा चार फूट. वरून पांढऱ्या मच्छरदाणीचं कापड, बर्फाच्या शोभेसाठी.

पारू छपरावर उभी राहून मेणकापडाकडे बघत होती.

"सायेब, खाली मेणकापड, चारी अंगानी फळ्या. मंग पानी कुठनं जाल?"

"कसलं पाणी?"

"वरनं आलेलं."

"एप्रिलात वरून पाणी?" मी हसलो. इतकं मोठ्याने हसलो, की बाजूच्या वेल्डिंगच्या शेडमधली माणसं काम थांबवून बघायला लागली.

पारूने खांदे उडवले आणि पेंढा रचायला घेतला. काय रचला! सुतात, एका उंचीत, कुठे फट नाही. संध्याकाळी मी लांब उभा राहून फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, 'चार फूट. तयार.' फोटोत पांढरं कापडच दिसत होतं. मॅडमचं उत्तर आलं, 'पोती मोजलीत ना?' मी लिहिलं, 'एक न् एक.' बाराशे पेंढ्या मामांनी मोजल्याच होत्या. म्हणजे खोटं बोललो असं नाही; पोत्यांबद्दल बोललो नाही इतकंच.

गुरुवारी अकराला मुख्याध्यापिका आल्या. नेगी मॅडम. पंचावन्नच्या आसपासच्या, बुटक्या, गोऱ्या गालांवर उन्हाने लाल ठिपके आलेले. टोपी घातलेल्या, हातात कापडी पिशवी. मी हिमालयाकडे हात केला.

"देखिए मॅडम! चार फुट बर्फ!"

त्यांनी खूप वेळ वर पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा वर. मला वाटलं, भारावल्या!

"आपण छताखालीच बसून चहा घेऊ," मी म्हटलं. "मला माझ्या छपरावर इतका भरवसा आहे!" छप्पर संजना मॅडमचं होतं, पण मॅडम अजून रस्त्यात होत्या.

आत टेबल, दोन खुर्च्या, चहा, बिस्किटं. मी दार लोटून लावलं. दार बसलं ते कसं, डब्याच्या झाकणासारखं! बोटाचं नख जाईल एवढीही फट नाही. ते दार कागदावर मी काढलेलं होतं. एकट्याने. मी ते नेगी मॅडमना सांगितलंही.

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे हिंदीत सांगायला लागल्या. गेल्या माघात त्यांच्या शाळेच्या जुन्या वसतिगृहाचं छप्पर बसलं. दुपारची वेळ. बावीस मुली नुकत्याच जेवायला समोरच्या खोलीत गेल्या होत्या. एक मुलगी वही विसरली म्हणून परत फिरली होती, ती उंबऱ्यावर होती तेव्हा आवाज झाला.

"उसके हाथ में दरवाजे की कुंडी रह गई," त्या म्हणाल्या. "बस, कुंडी. पीछे घर नहीं था."

माझ्या हातातलं बिस्कीट चहात मोडून पडलं. मी ते काढलंही नाही.

"ऋषिकेशजी, इस घास का वजन कितना है?"

"वजन? मॅडम, चार फूट!"

"वो तो ऊंचाई हुई."

मग त्यांनी मला समजावलं, पाचवीच्या वर्गाला समजावतात तसं. ताजा बर्फ कापसासारखाच असतो, मी मनालीला पाहिला तसा. दोन-चार दिवस दबला, की तेवढ्याच उंचीत तिप्पट वजन. वर ऊन लागलं, पाऊस पडला, बर्फ भिजला, की चौपट, पाचपट. छपराला उंची कळत नाही, फक्त वजन कळतं. माघात छप्पर बसलं तेव्हा वर जेमतेम तीन फूट होता. पण ओला होता.

मला घाम फुटला. सहा टनांचा आकडा डोळ्यांपुढे नाचायला लागला. बाराशे पेंढ्यांचं वजन फार तर दीड टन! याच्या जिवावर मी बारा खोल्या पाठवणार होतो, आणि त्यांत मुली झोपणार होत्या. मी ठरवलं, आत्ता सगळं कबूल करायचं. खरंच ठरवलं होतं हो! तोंडही उघडलं होतं!

तेवढ्यात छपरावर पावसाचा आवाज सुरू झाला.

"बारिश?" नेगी मॅडमनी विचारलं.

"एप्रिल में? नहीं, नहीं..."

काय झालं होतं ते मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. आमचे सुरक्षा अधिकारी सखाभाऊ. ते आदल्याच आठवड्यात आग विझवण्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांना एकही आग मिळाली नव्हती. ते फेरी मारत आले आणि बघतात तर काय! इकडे वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, आणि पंचवीस पावलांवर चार फूट सुका पेंढा! उघड्यावर! प्रामाणिकपणे सांगतो, त्यांची काहीच चूक नव्हती. नेमका त्याच वेळी कंपनीचा रोजचा पाण्याचा टँकर फाटकातून आत आला. पाच हजार लिटरचा. सखाभाऊंनी तो अडवला, पंप जोडला आणि माझ्या हिमालयावर सोडला.

खाली मेणकापड, चारी बाजूंना फळ्या. मी छपरावर तलाव बांधून ठेवला होता!

आत आम्हाला आधी नुसतं रपरप ऐकू आलं. मग मामांचा आवाज.

"आरं थांब रं! माझा पेंढा भिजला रं! कोण हाय त्यो टोपीवाला?"

मग वरून 'कुंईं' असा आवाज झाला. असा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, लग्नात आमच्या आत्याबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या तेव्हा. त्यानंतर काय झालं होतं तेही मला आठवलं.

मी वर बघितलं. छताला पोट आलं होतं!

"मॅडम, बाहर चलो!" मी दाराकडे झेप घेतली आणि कडी ओढली. दार ढिम्म! पुन्हा ओढली. पाय भिंतीला लावून ओढली. वरची चौकट खाली आली होती आणि नख न जाणाऱ्या दारावर मांड ठोकून बसली होती. खिडक्या थंडीच्या देशासाठी बनवलेल्या, वीतभर उघडणाऱ्या. त्या फटीत मला मामांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली.

"मामा! दार अडकलंय! पाणी बंद करायला सांगा!"

"आवो, तुमचं दार राहू द्या, माझा पेंढा गेला!"

"मामा, आम्ही आत आहोत! छप्पर खाली येतंय!"

मिशी थरथरली. "आत हायसा? तुमी?" आणि मग मामा जे धावले ते थेट टँकरसमोर जाऊन आडवे उभे राहिले, हे मला नंतर चार जणांनी सांगितलं. पण तोवर टँकर बराचसा रिकामा झाला होता.

मी टेबलावर चढलो आणि दोन्ही तळहात छताला लावले. का, ते विचारू नका. त्या क्षणी मला वाटलं, आता हे छप्पर माझ्या खांद्यांवर आहे! मी गुडघे घट्ट केले, दात आवळले. खांद्यांतून कळा यायला लागल्या. डोळ्यांसमोर समीक्षा आली, मग मामांच्या म्हशी आल्या.

"मॅडम, आप टेबल के नीचे बैठो! मी धरलंय!"

नेगी मॅडमनी कप खाली ठेवला, पिशवीतून मोजपट्टी काढली, खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि छताचं पोट मोजलं. मला वाटत होतं, वीतभर तरी असेल, गाभण म्हशीसारखं!

"पौन इंच," त्या म्हणाल्या आणि वहीत टिपलं.

"फक्त?"

"दरवाजे के लिए काफी है."

बाहेर सखाभाऊंनी आता सुटकेची मोहीम हाती घेतली होती. आठ जणांना त्यांनी डाव्या बाजूने वर चढवलं. "उपसा! लवकर उपसा!" आठही जण डावीकडचा ओला पेंढा भराभर खाली फेकायला लागले. डावीकडचं ओझं कमी होत गेलं, उजवीकडचं तसंच. आत सांगाडा कण्हला, कलला, आणि माझ्या पायाजवळचा कप स्वतःहून चालत टेबलाच्या कडेला गेला आणि खाली पडला.

पहिल्यांदाच नेगी मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्या खिडकीशी धावल्या. "एक तरफ से नहीं! रुको! एक तरफ से नहीं!"

त्याच क्षणी वरून पारूचा आवाज आला. ती केव्हा शिडीवर चढली कुणालाच कळलं नाही.

"थांबा रं सगळं! एका अंगानं नको! घर उताणं पाडताव काय? चौघं हिकडं, चौघं तिकडं! मी म्हनन तवाच उचला!"

सखाभाऊ खालून म्हणाले, "ओ बाई, सुरक्षा अधिकारी मी आहे!"

"मंग दूर व्हा," पारू म्हणाली.

तिने कोयत्याने एका बाजूचं मेणकापड फाडलं, लगेच दुसऱ्या बाजूचं. दोन्ही कडांनी पाणी धो धो सुटलं. एका बाजूला सखाभाऊ उभे होते. मग पारूचा आवाज येत राहिला. "ह्यो पहिला. आता तिकडचा. थांब. आता दोगांचा बरोबर." शाळेतली कवायत घेतात तसा. मी डोळे मिटून हात वर धरून उभा होतो आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर श्वास घेत होतो.

दहा मिनिटांनी दार आपलं आपण 'टक' करून सुटलं आणि सावकाश उघडलं.

दारात संजना मॅडम उभ्या होत्या, हातात प्रवासाची बॅग. त्यांच्यामागे कंपनीचा पूर्ण रस्ता ओल्या पेंढ्याने भरला होता. मामा एकेक पेंढी उचलून, झटकून, साहेब लोकांच्या गाड्यांच्या टपांवर वाळत घालत होते. सखाभाऊंच्या शिट्टीतून पाणी येत होतं. आणि मी, टेबलावर, दोन्ही हात वर.

"ऋषिकेश, पोती कुठे आहेत?"

मी हात खाली घेतले आणि सगळं सांगितलं. मनालीची पाच मिनिटंसुद्धा सांगितली. शेवटी म्हटलं, "मॅडम, मला वाटलं..." आणि जीभ चावली.

संजना मॅडम रागावल्या नाहीत. त्या पांढऱ्या पडल्या, ते जास्त वाईट होतं. त्या नेगी मॅडमकडे वळून म्हणाल्या, "सॉरी. ऑर्डर रद्द केलीत तरी मी समजू शकते."

नेगी मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मामांना विचारलं, एका पेंढीचं वजन किती? मामा म्हणाले, सव्वा किलो, बाराशे पेंढ्या. दीड टन. टँकर पाच हजार लिटरचा, त्यातलं हजारभर टँकरात उरलं किंवा इकडे तिकडे सांडलं. चार टन. वर चढलेली आठ माणसं, अर्धा टन.

"छह टन," नेगी मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "पूरे छह. गीला. ऊपर से एक तरफ खाली किया, फिर भी खड़ा है. आपकी छत अच्छी है, संजनाजी."

मी टाळ्या वाजवणार होतो.

"लेकिन ये टेस्ट नहीं था," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ये किस्मत थी. मैं बच्चियों को किस्मत के नीचे नहीं सुलाऊंगी. कल बोरियां रखिए."

मी मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला इतक्या हळू आवाजात इतकं लागेल असं कुणी बोललं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातपासून पोती चढवायला सुरुवात झाली. एकशेवीस. भरायला मी, उचलायला मी, आणि वरून हुकूम द्यायला पारू. "सायेब, ते मधे नको, कडंला. आता दुसऱ्या कडंला. एका अंगाला दोन झाली, उचला." तिसाव्या पोत्याला मला मनाली आठवली आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण हात वर जाईना. शंभराव्या पोत्याला सखाभाऊही हाताखाली आले. बिचाऱ्यांच्या टोपीतून अजून पेंढ्याची काडी डोकावत होती.

दुपारी नेगी मॅडमनी मोजपट्टी लावली. एक इंच. संजना मॅडमनी सव्वा इंचापर्यंत चालेल असं लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मोजलं, तेव्हाही एक इंच. पोती उतरवल्यावर छप्पर होतं तिथे परत गेलं. नेगी मॅडमनी सही केली. शेरा असा: छप्पर पास. दरवाजा नापास, वर बोटभर फट ठेवून पुन्हा काढणे.

जाण्याआधी त्यांनी पारूला शोधून काढलं, छपरावरचं ओझं दोन्ही अंगांनी कसं उतरवायचं ते तिच्याकडून पुन्हा करवून घेतलं आणि त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. शाळेच्या शिपायांना दाखवणार म्हणाल्या. पारूला हिंदी फारसं कळत नव्हतं, त्यांना मराठी कळत नव्हतं, पण दोघी अर्धा तास बोलत होत्या.

मामांचा पेंढा दोन दिवसांच्या उन्हात खडखडीत वाळला. मामा शेवटच्या टेंपोत चढताना म्हणाले, "जावयबापू, परत काय लागलं तर मागा. फकस्त माझ्याकडं मागू नका."

सगळे गेल्यावर संजना मॅडमनी मला टेबलाशी बोलावलं. त्यांच्यापुढे तिन्ही दिवसांचे आकडे होते.

"गुरुवारी तुम्ही छत हाताने धरून ठेवलं होतंत, नाही का?"

"हो मॅडम," मी जरा ताठ झालो. "शेवटपर्यंत."

"नेगी मॅडमनी तेव्हा दोनदा मोजलं. एकदा तुम्ही धरलेलं असताना, आणि एकदा तुम्ही घाम पुसायला हात काढलेत तेव्हा. दोन्ही वेळा पाऊण इंच." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "म्हणजे तुम्ही पेललेला भार आला शून्य. नोंदीत असू दे."

घरी गेलो तेव्हा दोन्ही हात खांद्यांच्या वर जात नव्हते. समीक्षाने पाट घेतला, मला पुढ्यात बसवलं आणि खांद्यांना मलम चोळायला लागली. बापाकडून तिला निम्मी हकिगत कळली होती. जावई छप्पर हातांवर पेलून उभा होता, एवढीच. बाकीची त्यांनी का गाळली, देव जाणे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खरं सांगा. किती वजन होतं हो?"

मी तिच्याकडे वळून पाहिलं. इतक्या कौतुकाने ती माझ्याकडे मनालीतसुद्धा बघत नव्हती.

"सहा टन," मी म्हणालो.

खोटं नाही बोललो. छपरावर तेवढंच होतं.